दौंडमधले दोन सिंथेसायझर

आमच्या घरचा ऑर्केस्ट्रा होता. घरचा म्हणजे माझ्या चुलत्यांचा. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. वडगाव रासाईतला ऊस सांभाळून ते लग्नाच्या, जत्रेच्या सुपाऱ्या घ्यायचे. चुलतभाऊ ढोलकीवर, गावातले दोघं गायला आणि कीबोर्डवर मी. वडिलांनी मला भजनातली पेटी शिकवली होती. तिथून मी कीबोर्डवर आले ती स्वतःच्या हातांनी, कुणी आणून बसवलं म्हणून नाही.

नव्वदीच्या दशकाची अखेर होती. आमच्या कीबोर्डचे आवाज पार मेले होते. सनई लावली की पिपाणी वाजायची. दौंडला एक निवृत्त रेल्वे गार्ड होते, तरुणपणी बँडमध्ये वाजवलेले. पुण्याचा एक स्टुडिओ जुनं सामान काढत होता, त्यातले दोन सिंथेसायझर त्यांनी आणले होते आणि ते विकायचे होते, असं आप्पांना कळलं. मग आप्पा, चुलतभाऊ आणि मी आमचा कीबोर्ड घेऊन जीपमधून दौंडला गेलो.

गार्डसाहेबांच्या पुढच्या खोलीत लोखंडी रॅकमध्ये दोन काळी खोकी एकावर एक स्क्रूनं बसवलेली होती. त्यांना स्वतःच्या पट्ट्या नव्हत्या. आपल्या कीबोर्डची वायर मागे जोडायची, बोटं कीबोर्डवर चालवायची आणि आवाज खोक्यातून यायचा. कंपनी एकच, माप एकच, तोंडंही जवळजवळ सारखी. वरचं थोडं नंतरच्या काळातलं, एवढाच फरक दिसत होता.

ऐकल्यावर मात्र फरक कळला. वरच्याचा सूर जिथं ठेवावा तिथं राहायचा. स्वच्छ, पण कोरडा. खालच्याला तापायला वेळ लागला. तापल्यावर मी मंद्रातला सा दाबला आणि हात उचलवेना. तो आवाज किंचित हलत होता, दोन बाया एकत्र ओवी म्हणताना हलतो तसा. मी मंगलाष्टकांची चाल धरली. गाणारे असते तर त्यांना आधार मिळाला असता, असा भरलेला आवाज होता तो.

गार्डसाहेबांनी आधीच सांगून टाकलं, की खालचा उन्हात आणि जनरेटरवर सुरातून सरकतो, मध्ये थांबून बटण दाबून जुळवून घ्यावा लागतो. हे खरं होतं, आणि आप्पांनी ते कारण पुढं केलं असतं तर मी गप्प बसले असते. पण चुलतभाऊ म्हणाला की वरच्यावर दिवे जास्त आहेत, स्टेजवर उठून दिसेल. आप्पांनी मान डोलावली.

"वाजवणार कोण?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"आत्ता ही वाजवती," आप्पा म्हणाले. "पण हिचं लगीन झालं की ही जाणार. मागून जो येईल त्याला सोपा जाईल आसा घ्यायचा. हिला काय इचारायचं त्यात?"

कीबोर्डवर हात ठेवून मी तिथंच बसले होते. आवाज चढवून नाही, रागावून नाही, उसाचं बेणं ठरवावं तसं ते बोलले. दोन्ही खोकी वाजवून दाखवली मी, आणि जो अजून कुणी पाहिलाही नव्हता त्या वाजवणाऱ्याची सोय बघितली गेली. परत येताना जीपमध्ये ते वरचं खोकं माझ्याच मांडीवर दिलं होतं, धक्के बसू नयेत म्हणून. वाटेत राहू गावात चहाला थांबलो तेव्हा मी म्हणाले, "आप्पा, मागून येणाराला आत्ताच बोलवा. मी न्हाई वाजवणार."

त्यांना वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. उतरला नाही. मांडवगण फराट्याच्या जत्रेला त्यांनी शिरूरहून एक माणूस आणला. त्यानं बरं वाजवलं, कुणाचं काही अडलं नाही. त्याचाही मला संताप आला. आई म्हणाली, एवढ्याशा खोक्यापायी घरात वाकडं कशाला? खोक्यापायी नव्हतंच ते, पण तिला ते समजावता समजावता मी थकले.

तोवर मी शिरूरला मुलांच्या पेटीच्या शिकवण्या घेऊ लागले होते. थोडे पैसे गाठीला आल्यावर वडिलांना घेऊन एसटीनं दौंडला गेले. खालचा सिंथेसायझर अजून रॅकमध्येच होता. गार्डसाहेब म्हणाले, "मला ठाऊक होतं, तुझा हात ह्याच्यावर बसला होता."

"मग तवा का न्हाई बोललात?"

"गिऱ्हाईक ते होते," ते म्हणाले.

त्यांच्याकडूनही मला दुसरं उत्तर मिळालं नाही. मी खोकं उचललं. वडील वायरींची पिशवी घेऊन मागून आले. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, सूर सरकतो म्हणतात त्याचं काय करशील? मी म्हणाले, जुळवीन.

शिरूरच्या एका ऑर्केस्ट्राकडे कीबोर्ड होता, वाजवणारं कुणी हवं होतं. त्यांच्याबरोबरचा माझा पहिला कार्यक्रम लग्नाचा, भर उन्हाळ्यात, पत्र्याच्या मांडवात. दुसऱ्याच गाण्यात सूर वर चढला. गाणारा माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागला. मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, बटण दाबलं आणि खोकं सुरात येईपर्यंत उभी राहिले. वऱ्हाडातले काही जण हसले. मग मी तोच खर्ज धरला आणि गाणाऱ्यानं डोळे मिटून पुढची ओळ घेतली.

हे आप्पांच्या कानावर गेलं. एका घरात दोन यंत्रं झाली, लोक नावं ठेवतात, असा त्यांनी चुलतभावाकडून निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी न्हावरे गावात हळदीचा कार्यक्रम होता, आणि खोकं तापवायला मला तिथं लवकर पोचायचं होतं.