रस्ता आमच्याच शेतातून का गेला

माझा नवरा रेल्वेत होता. त्याच्या फंडातून आम्ही होटगी स्टेशनजवळ घर बांधलं, वर दोन खोल्या काढल्या आणि त्या मुलासाठी ठेवल्या. मुलगा पुण्यात रमला. नवरा गेला, मी शाळेतून निवृत्त झाले आणि वरचा मजला रिकामा पडून राहिला. मुलगा फोनवर सारखा म्हणायचा, "अम्मी, कुणाला तरी भाड्यानं दे. घरात माणूस असू दे." मी टाळत होते. अनोळखी माणूस घरात घ्यायचा म्हणजे त्याचे पाहुणे, त्याचे फोन, त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा, सगळंच घरात येतं.

तरी एका सकाळी एक मुलगी दारात उभी राहिली आणि मी हो म्हणाले. पंचविशीची असेल. पाठीवर बॅग, हातात लांबट पेटी, बूट मुरुमानं लाल झालेले. बोलण्यावरून वऱ्हाडातली वाटली. पेटीत काय आहे विचारलं, तर तिनं तिथंच उघडून दाखवलं. तीन पायांवर उभं करायचं मोजणीचं यंत्र होतं.

"काम कसलं करतेस?"

"सर्व्हेचं, मावशी. नवा रस्ता येतोय ना, त्याचं."

त्या रस्त्याबद्दल गावात आधीपासूनच कुजबूज होती. जुना रस्ता रुंद करायचा असता तर कुणाला फार वाटलं नसतं. हा मात्र जिथं आज ज्वारी आहे, बांध आहे, कुणाची तरी वस्ती आहे, तिथून सरळ जाणारा होता. उत्तरेकडून येणार आणि दक्षिणेत कुठं तरी लांब निघणार. आमच्या भागानं अशी मोठी कामं पाहिलेली आहेत. रेल्वेची दुसरी लाइन झाली, वीज केंद्राच्या चिमण्या उभ्या राहिल्या, त्यांच्यामागून शिवारभर टॉवर आले. दर वेळी कुणाला तरी आधीच कळलेलं असतं, हे इथल्या लोकांचं पक्कं मत आहे. त्यामुळं रस्ता कसा असेल, कधी होईल, हे कुणी विचारत नव्हतं. कुणाला आधी कळलं, एवढंच विचारत होते.

आणि ज्याला आधी कळलेलं असणार, ती आता माझ्या घरात राहत होती.

चार दिवसांत माझी किंमत वाढली. कधी न येणारी माणसं चहाला येऊन बसू लागली. कुणी घरचं दही आणलं, कुणी डाळिंबं. बोलणं फिरून फिरून जिन्याकडं यायचं. "पोरगी आली का कामावरनं? काय बोलती का?" मी सांगायचे, मला काही ठाऊक नाही. मग ते माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे, की मलाच वाटायचं आपण काही लपवतोय. किराणा दुकानात मी गेले की बोलणं थांबू लागलं.

मी स्वतः तरी कुठं वेगळी होते? ती बाहेर जाताना खोलीला कुलूप लावायची. भाडेकरूनं कुलूप लावावं यात नवल काय, पण मला ते खुपायचं. फोन आला की ती गच्चीच्या टोकाला जाऊन हिंदीत बोलायची. मी खाली कपडे वाळत घालता घालता कान देऊन ऐकायचे. "अलाइनमेंट", "शिफ्ट", "क्लिअरन्स" असे शब्द कानावर पडायचे आणि प्रत्येक शब्दात मला आमचं शेत दिसायचं.

शेत म्हणजे माझ्या धाकट्या भावाचं. रेल्वे फाटकाच्या पलीकडं अब्बांनी काळ्या दगडात खोदलेली विहीर होती, तिच्याभोवती भावानं लिंबोणी लावली होती. बांधाला बांध लागून अण्णांची द्राक्षबाग. अण्णा म्हणजे आमचे शेजारी. कन्नड आणि मराठी एका दमात बोलणारे, गावच्या सोसायटीत वजन असलेले. भाऊ आणि ते तरुणपणापासूनचे दोस्त. ईदला शिरखुर्म्याचा पहिला डबा अण्णांकडं जायचा आणि त्यांच्या घरची पुरणपोळी आमच्याकडं यायची.

पहिले झेंडे लागले ते अण्णांच्या बागेत. काठीला लाल कापड बांधलेले, द्राक्षांच्या ओळींतून तिरपे गेलेले. भाऊ त्या संध्याकाळी माझ्याकडं आला. आम्ही घरात दखनी बोलतो, पण तो चिडला किंवा त्याला हायसं वाटलं की गावच्या मराठीवर येतो. त्या दिवशी त्याला हायसं वाटलं होतं. "आपा, वाचलो की गं आपण. अण्णाचं वाईट वाटतंय, पर वाचलो."

त्यानंतरच्या रविवारी अण्णा माझ्या अंगणात आले. पांढरे कपडे, हातात द्राक्षांची पेटी. मुलगी खालीच होती, बूट धूत होती. मी चहा टाकायला आत गेले. आतून दोघांचे आवाज ऐकू येत होते, शब्द नाही. कप घेऊन बाहेर आले तेव्हा दोघंही गप्प झाले.

"काय न्हाय बाई," अण्णा म्हणाले, "लेकीची चौकशी करत व्हतो. घरापासून लांब ऱ्हाती बिचारी."

ते गेल्यावर मुलीनं पेटीतली निम्मी द्राक्षं मला आणून दिली. गोड असणार. मी ती ताटलीत झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कामवालीला देऊन टाकली.

काही आठवड्यांनी अण्णांच्या बागेतले झेंडे निघाले. नवे झेंडे लागले ते आमच्या लिंबोणीत, आणि त्यातला एक थेट विहिरीच्या काठावर.

भाऊ आला तेव्हा मुलगी कामावर निघायच्या घाईत होती. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर वाट अडवून उभा राहिला.

"माज्या बहिणीच्या घरात ऱ्हातीस, तिच्या हातचं खातीस, आन् माज्या विहिरीवर झेंडा लावतीस? काय दिलं गं अण्णानं तुला?"

माझ्या मनात आठवडाभर हाच प्रश्न होता, त्यामुळं मी त्याला थांबवलं नाही. मुलीचा चेहरा उतरला. मग तिनं पेटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मामा, मला वाट्टेल ते बोला. पण आधी शेतात चला. मी इथं बोलून तुम्हाला पटणार नाही."

आम्ही तिघं भावाच्या गाडीतून फाटकापलीकडं गेलो. अण्णा बांधावरच होते, बागेला पाणी सोडत होते. आम्हाला बघून ते इकडं आले आणि बांधाच्या त्यांच्या बाजूला थांबले.

मुलीनं हात वर केला. अण्णांच्या बागेच्या टोकाला हाय टेन्शनचा टॉवर होता. इतकी वर्षं तो तिथं उभा आहे, पण मी कधी नीट बघितला नव्हता.

"रस्त्याला पुढं रेल्वे ओलांडायची आहे," ती म्हणाली. "म्हणून तो इथूनच उंच होत जाणार. भराव म्हणजे जवळपास घराच्या उंचीचा. आणि या तारा बघा, मधे कशा खाली झोळ घेतात. उन्हाळ्यात आणखी खाली येतात. उंच रस्ता या तारांखाली घालता येत नाही आणि टॉवरच्या पायाजवळून भरावही नेता येत नाही. टॉवर हलवायचा तर त्याची परवानगी वेगळी, वेळ वेगळा. त्यापेक्षा रस्ता सरकवतात."

"मग आदी का न्हाय दिसला टॉवर?" भाऊ म्हणाला. "एवढा मोठा लोखंडाचा सांगाडा!"

"आधी कुणी इथं आलंच नव्हतं, मामा. पहिली रेघ ऑफिसात बसून मारली होती. तिथं सगळे असंच धरून चालले होते, की टॉवर तुमच्या शेतात आहे, विहिरीच्या पलीकडं. विजेच्या लाइनची मूळ आखणी तशीच होती म्हणे. इथं येऊन बघते तर टॉवर यांच्या बागेत. तो इकडं कसा आला ते मला माहीत नाही."

मी भावाकडं बघितलं आणि मला ती तारा ओढण्याची वर्षं आठवली. तेव्हा तो सारखा सोलापूरला जायचा. आपल्या लेकीसाठी स्थळ बघतोय म्हणायचा. स्थळ काही त्या वर्षी जमलं नव्हतं.

"लिंबोणी नुकती लावली व्हती," तो अखेर म्हणाला. नजर जमिनीवर. "टॉवर आला असता तर समदी गेली असती. एका वळकीच्या माणसाला सांगितलं. त्यानं कुणाला सांगितलं मला ठावं न्हाय. जरा पुडं सरकवा, एवढंच म्हणलं व्हतं मी."

जरा पुढं म्हणजे बांधापलीकडं. मी अण्णांकडं बघायचं टाळलं. मला वाटलं, आता दोघांची दोस्ती इथंच संपली.

अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलनं हात पुसले. "मला ठाव व्हतं की," ते म्हणाले.

भावानं मान वर केली. "कवापासनं?"

"पयल्या दिवसापासनं. सांच्याला टॉवरच्या खड्ड्याची आखणी तुज्या रानात बघितली व्हती. सकाळी आलो तर चुन्याची फक्की माज्या रानात पडलेली. येडा हाय व्हय मी?"

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलायचं? तार कुटनं तरी जाणारच व्हती." असं म्हणून ते पाण्याचा पाट बघायला वळले, जसं काही झालंच नाही.

आधी माझा जीव भांड्यात पडला. नंतर, गाडीत बसल्यावर, उलट झालं. एवढी वर्षं ठाऊक असून हा माणूस आमच्या घरी येऊन शिरखुर्मा खात होता, भावाच्या मुलीच्या लग्नात वाढपाला उभा राहिला होता, आणि एका शब्दानं बोलला नव्हता. मनाचा एवढा मोठेपणा असतो का कुणाचा? असेलही. नाहीतर त्यानं आपली वेळ येईपर्यंत ती गोष्ट पोटात ठेवली असेल.

घरी आल्यावर मी मुलीला समोर बसवलं. "खरं सांग. त्या रविवारी अण्णा तुला काय म्हणाले?"

"सगळेच विचारतात तेच, मावशी. रेघ हलते का."

"आणि?"

"मी म्हटलं, माझ्या हातात काही नाही. मग त्यांनी विचारलं, आमच्या रानात टॉवर आहे, तो तुम्ही बघितला का? म्हटलं, अजून त्या टोकापर्यंत मी गेले नाही. ते म्हणाले, सावकाश बघा. बस, एवढंच."

"आणि द्राक्षं?"

"मी नको नको म्हणत होते, ते ठेवून गेले. निम्मी तुम्हालाच दिली की." मग ती म्हणाली, "त्यांनी सांगितलं नसतं तरी पुढच्या आठवड्यात मला टॉवर दिसलाच असता."

तिचं बोलणं पटण्यासारखं होतं. मी ते भावालाही सांगितलं. तो म्हणाला, "आपा, दिसला असता हे ती आता म्हणती."

पुढं सगळं रीतसर झालं. मोजणी झाली, हरकती घेतल्या, त्या ऐकल्या गेल्या, मोबदला मिळाला. विहीर बुजवायला यंत्र आलं त्या दिवशी भाऊ गेला नाही. मी आणि भावजय गेलो. विहीर बुजायला फार वेळ लागेल असं मला वाटलं होतं. मुरुमाचे डंपर एकामागून एक मागं सरकत आले, आत रिकामे झाले, आणि दुपारच्या आत तिथं सपाट जमीन होती. भावजयीनं बाजूच्या लिंबोणीवरची हाताला येतील तेवढी लिंबं ओच्यात घेतली. कच्ची, पिकलेली, सगळी.

मुलगी पुढच्या टप्प्यावर, अक्कलकोटच्या बाजूला गेली. जाताना खोली झाडून दिली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि हसत म्हणाली, "मावशी, तुम्ही माझ्याकडं पर्यवेक्षकासारख्या बघायच्या. परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं मला." मी पण हसले. नंतर वर जाऊन सगळे कोनाडे बघितले. काही नव्हतं. खिडकीत एक वाळलेलं लिंबू होतं, आमच्याच शेतातलं असावं.

आता भराव उभा राहिलाय. भावाचं शेत दोन तुकड्यांत गेलं. पलीकडच्या तुकड्यात थोडी झाडं उरली आहेत, तिथं जायला भरावाखालच्या बोगद्यातून वळसा घ्यावा लागतो. त्यानं बोअर घेतलंय. पाणी लागलं, पण जरा मचूळ आहे. अण्णांची बाग शाबूत आहे. शिवाय भरावाच्या कडेनं खालून जाणारा छोटा रस्ता त्यांच्या कोपऱ्याला लागतो. तिथं हॉटेल टाकायचं त्यांच्या मनात आहे आणि भावाला भागीदार हो म्हणून मागं लागलेत.

या हिवाळ्यात त्यांच्याच रानात हुरड्याला गेलो होतो. भाऊ आणि अण्णा शेकोटीशी शेजारी शेजारी बसले होते. अण्णा कणसं भाजून चोळत होते, भाऊ चटणी वाटत होता. मी बराच वेळ दोघांकडं बघत होते. मग मला राहवलं नाही आणि सगळ्यांसमोर विचारलं, "अण्णा, त्या पोरीला टॉवरचं तुम्ही मुद्दाम सांगितलं का हो?"

त्यांनी कणीस चोळायचं थांबवलं नाही. "बाई," ते म्हणाले, "टॉवर काय लपवायची वस्तू हाय व्हय?" आणि माझ्या ओंजळीत गरम हुरडा ओतला.

सगळे खो खो हसले. भाऊही हसला, पण सगळ्यांच्या नंतर. भागीदारीचं त्यानं अजून काही ठरवलेलं नाही.