जोडा हुंगवायचा नाही

दिल्लीकडच्या मराठी माणसाला एक खुळा भरवसा असतो: मराठीत बोललेलं इथे भिंतीलाही कळत नाही. फरीदाबादच्या आमच्या कारखान्यात या भरवशावर मी साहेबांसमोर उभा राहून, हसतमुखाने, त्यांच्याच पोटाच्या घेराविषयी बोललो आहे. समजणारा एकच, शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला. त्याचं मराठी अर्धं हिंदीत, पण आपलं.

म्हणून माझ्या मिरगीची गोष्टही त्यालाच सांगितली, भर कँटीनमध्ये, डबे उघडून.

"गोळ्या चालू आहेत, कित्येक वर्षांत फिट आलेली नाही. आलीच तर कुशीवर वळव, तोंडात काही कोंबू नकोस. आणि जोडा हुंगवायचा नाही."

"तुझा जोडा? यार, मीच बेशुद्ध पडेन."

ठसका लागेपर्यंत हसलो आम्ही.

मग मशीन विभागाच्या इन्चार्जची जागा रिकामी झाली. तिथली तपासणी मीच बघत होतो, त्यामुळे जागा आपलीच, असं धरून मी नवे सेफ्टी बूटसुद्धा आणले. सैल व्हावेत म्हणून घरात घालून फिरायचो. बायको म्हणायची, स्वयंपाकघरात कुठलं मशीन आहे?

साहेबांनी बोलावलं. गेलो, अर्थात बूट घालून.

"आप डेस्क पे ही रहिए, आराम से. मशीन के पास रिस्क है."

डॉक्टरांनी कामाला पूर्ण परवानगी दिली आहे, हे मी सांगू लागलो. त्यांनी मायेने हात वर केला. "चिंता मत कीजिए, हमें सब पता है. जूता नहीं सुंघाना है."

हे वाक्य मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं.

त्याला जिन्यात गाठलं.

"तुझ्या भल्यासाठीच सांगितलं रे. उद्या मशीनपाशी काही झालं असतं तर?"

"मला विचारायचंस तरी."

"तू बिल्कुल ऐकलं नसतंस."

ती जागा त्यालाच मिळाली, हे मात्र तो बोलला नाही. ते मला चहावाल्याकडून कळलं. तो चहावालाही हल्ली माझा ग्लास अर्धाच भरतो, सांडू नये म्हणून.

मित्र अजून माझ्याच टेबलावर जेवायला येतो.

"काय रे, भाजी कसली?"

"आलू-गोभी है."

"हिंदीत काय बोलतोस?"

"सबके सामने बोलें तो सबको समझ में आना चाहिए."

तो मनापासून हसतो. त्याला अजून ती थट्टाच वाटते.