ताईची शिट्टी

त्या सकाळी ताईनं डॉक्टरांचं ऐकलं नाही, नवऱ्याचं, म्हणजे धाकटीच्या भावजींचं, तर नाहीच नाही. "हृदय अर्धंच चालतंय म्हणे. चालू दे. अर्ध्या तिकिटात जाऊन येते," म्हणाली आणि काठी टेकत निघालीसुद्धा. धाकटी बहीण पाण्याची बाटली घेऊन मागं पळाली.

ताईची सगळी नोकरी बसमध्ये, कंडक्टर म्हणून. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून गल्लीतली माणसं गोळा करून ओहोटीला खडकांवर न्यायला लागली. खेकडे बघा, तारामासे बघा, पण हात लावू नका. आणि उचललेला दगड होता तसाच ठेवा. तिथंही तिची बसच. एक शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांबा, दोन म्हणजे चला.

त्या दिवशी शिंपीकाकांचा पाय एका तारामाशावर पडणार, तोच शिट्टी वाजली. काका एका पायावर.

"अहो, पडेन की मी!"

"पडा. तुम्हाला प्लास्टर घालता येईल, त्याला नाही."

सगळे खो खो हसले.

परतताना ताईला धाप लागली. तिनं शिट्टी धाकटीच्या हातात कोंबली. "माझ्यामागं हे बंद पडायला नको. तू ने सगळ्यांना."

"मी? खेकडा दिसला की बोबडी वळते माझी!"

"त्याचीही वळते तुला बघून. फिट्टंफाट."

धाकटीनं शिट्टी गुपचूप ताईच्या पिशवीत परत टाकली.

दुपारी ताई खुर्चीत बसून बुटातली वाळू झटकत होती. एक बूट झटकून झाला. दुसरा पायातच राहिला. गेली.

पुढची मोठी ओहोटी आली तेव्हा शिंपीकाका दारात येऊन घुटमळले. "या खेपेला राहू द्यायचं का?" भावजींनी ताईच्या पिशवीतली शिट्टी आणून धाकटीसमोर ठेवली.

"राहू कशाला द्यायचं? जायचंय," धाकटी म्हणाली. आणि गेलीही. शेवाळावर निम्मी वाट तर बसूनच सरकली.

भरतीचं पाणी वळलं तशी सगळ्यांना गोळा करायला तिनं शिट्टी फुंकली. एकदा. सगळे होते तिथं थांबले. हुबेहूब ताईचा आवाज. धाकटी हातातल्या शिट्टीकडे बघतच राहिली, पुढची फुंकर मारायचीच विसरली. पाणी जवळ यायला लागलं, पण एक माणूस हलेना.

"अहो धाकट्या बाई," एका पायावरून शिंपीकाका ओरडले, "दोन वाजवा की! बस बुडेल!"

धाकटीनं पदरानं नाक पुसलं आणि छाती भरून दोनदा वाजवली.