पाणी हा शब्द वगळून

माया रोकडेला चेहऱ्याने ओळखणारी माणसं मोजकी असतील, पण आवाजाने ओळखणारी मोजायला बसलं तर अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतचं निम्मं गाव उभं करावं लागेल. गेली बावीस वर्षं ती भोंग्याच्या रिक्षात मागच्या सीटवर बसून, हातात माइक धरून गल्लोगल्ली एकच बातमी सांगत आली आहे: पाणी कधी बंद आणि कधी चालू. हल्ली लोकांच्या मोबाईलवर तसे निरोप येतात. ते लोक वाचतात, आणि तरीही खिडकीत येऊन विचारतात, "ताई, खरंच ना?"

हे काम कुणालाही जमेल असं ज्याला वाटतं त्याने ते एकदा करून पाहावं. घरात कुकरची शिट्टी चालू असते, पंखा गरगरत असतो, टीव्हीवर कुणीतरी रडत असतं. त्या सगळ्यातून माणसाच्या कानात फार तर तीन शब्द शिरतात. कोणते तीन, हे ठरवणं म्हणजे मायाचं काम. आणि ते तिला कुणी शिकवलं नाही, ती स्वतः ठेच खाऊन शिकली.

पहिल्याच वर्षी तिने कागदावर होतं तसं वाचलं होतं, "उद्या पाणी येणार नाही." वारा असा होता की शेवटचा "नाही" उडून गेला. दुसऱ्या दिवशी साऱ्या वस्तीने सकाळपासून पिंपं उघडी ठेवून नळापाशी ठाण मांडलं आणि दुपारी मायाच्या नावाने बोटं मोडली. आपल्या मराठीची ही खोड आहेच, सगळं बोलून झाल्यावर शेवटी "नाही" म्हणायचं. मायाने त्या दिवशी कानाला खडा लावला. "नाही"वर टांगलेलं वाक्य ती माइकवर पुन्हा बोलली नाही. "येणार नाही" गेलं, "बंद" आलं. "नागरिकांना सूचित करण्यात येते की" हे तर तिने कधीच गटारात सोडून दिलं. कागद देणाऱ्यांनी सुरुवातीला तोंडं वाकडी केली, मग सवय झाली.

ही रिक्षा आणि भोंगे जेठानंद शेठचे. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये त्यांचं साउंडचं दुकान आहे. शेठ सत्तरीचे, जन्म इथलाच, पण त्यांची आई कराचीहून आलेली. शेठ मायाला बेटा म्हणतात, कामात फार नाक खुपसत नाहीत, आणि माइकची वायर खराब झाली तर मात्र सगळ्या कॅम्पला ऐकू जाईल इतकं ओरडतात.

त्या दुकानात मागच्या वर्षी एक तरुण अधिकारी आला. नाव भूपेश. मूळचा जांभूळचा, आगरी घरातला. आजोबा खाडीवर मिठागरात राबले, नातू शिकून किनारपट्टीच्या आपत्ती विभागात लागला. त्याने मायाला वाकून नमस्कार केला.

"मायाताई, लहानपणापासून तुमचा आवाज ऐकतोय. तुम्ही 'बंद' म्हणालात की आमची आई मी शाळेत जायच्या आधी माझ्याकडून दोन पिंपं भरून घ्यायची. आता हा आवाज मला समुद्रासाठी हवाय."

मायाला आधी वाटलं पोरगा थट्टा करतोय. समुद्र कुठे आणि आपण कुठे. पण भूपेशने टेबलावर नकाशा पसरला आणि कराचीच्या पश्चिमेला, मकरानच्या किनाऱ्याजवळ बोट ठेवलं. तिथे समुद्राखालची जमीन दुसऱ्या जमिनीच्या पोटाखाली सरकतेय, म्हणाला. वर्षानुवर्षं सरकते, मध्ये अडकते, आणि एखाद्या दिवशी सुटते.

"म्हणजे कपाटाखाली चटई ढकलावी तसं," माया म्हणाली. "अडकली की कपाटही जरा ओढलं जातं. मग एकदम सुटतं आणि वरची भांडी खाली."

"अगदी तसंच. फक्त भांड्यांऐवजी अख्खा समुद्र हलतो."

शेठही नकाशावर वाकले. ते म्हणाले, "सन पैंतालीस में हुआ था. अम्मा बताती थी. पहाटे जमीन हलली, आणि उजाडताना कराचीच्या बंदरात पाणी चढलं."

"आणि त्याच सकाळी मुंबईच्या किनाऱ्यावरही माणसं वाहून गेली, शेठ. नोंद आहे," भूपेश म्हणाला. पुन्हा कधी होईल ते कुणीच सांगू शकत नाही, पण झालं तर लाट कोकणात पोचायला काही तास लागतील. तेवढाच वेळ हातात. म्हणून किनाऱ्यावरच्या गावांत भोंगे बसणार होते, आणि आठ दिवसांनी एका कोळीवाड्यात पहिली रंगीत तालीम होती. संदेश मायाने बोलायचा. कागदही तयार होता, सही-शिक्क्यासकट.

मायाने कागद वाचला. "सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की समुद्राचे पाणी येणार आहे. तरी नागरिकांनी समुद्राकडे जाऊ नये."

तिने तो दोनदा वाचला आणि घडी करून परत केला.

"हे मी बोलणार नाही, साहेब. माणसं मरतील."

भूपेश हसला. मायाने त्याला समजावलं. वाऱ्यात "नये" उडून जाईल आणि उरेल "समुद्राकडे जाऊ". ते एक. आणि "पाणी येणार आहे" ऐकल्यावर बाई पळत नाही, हंडा घेऊन नळावर येते. जन्मभर तिने तेच केलंय.

"ताई, ते तुमच्याकडे. किनाऱ्यावरच्या लोकांना समुद्राचं पाणी आणि नळाचं पाणी कळतं. मजकूर वरून मंजूर झालाय. आता बदलायचा म्हणजे पुन्हा सगळी फाईल."

"फिरवा मग फाईल. नाहीतर दुसरा आवाज शोधा."

शेठ तिला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, कागज उनका, आवाज अपनी. बोलून टाक ना." माया म्हणाली, "शेठ, बावीस वर्षं लोक माझ्या आवाजावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. तो विश्वास मी ह्या कागदावर लावू?"

भूपेश जायला उठला तेव्हा मायाने एकच मागणं मागितलं. तुमच्याच गावात, तुमच्याच कागदातलं वाक्य मी एकदा बोलते. तुम्ही शेजारी बसा. कुणी हंडा घेऊन आलं नाही, तर तुमचा कागद जसाच्या तसा वाचीन. भूपेशही हट्टी. म्हणाला, चला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला रिक्षा जांभूळच्या आळीत शिरली. मायाने अधिकाऱ्याच्या थाटात वाक्य म्हटलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता, "समुद्राचे" ह्यावर मुद्दाम जोर देऊन. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत दोन दारांतून बादल्या बाहेर आल्या. एकीने पाइप ओढला. आणि कोपऱ्यावरच्या घरातून भूपेशची आई तुळशीबाई कमरेवर कळशी घेऊन लगबगीने बाहेर आली. रिक्षात मुलगा बसलेला पाहून तिला काही विशेष वाटलं नाही.

"काय रं, कवा आलास? उभा काय ऱ्हातोस, मोटर चालू कर. पानी येतंय."

"आई, ताई समुद्राचं पाणी म्हणाल्या."

"कशाचं पन असू दे. पानी हाय ना?"

मायाने माइक बंद केला. तिला हसू येत होतं, पण तिने ते गिळलं, कारण भूपेशचा चेहरा उतरला होता. मिठागरवाल्यांची सून, भरती-ओहोटी जिच्या सासऱ्याच्या बोटांवर, तीच कळशी घेऊन उभी होती. तो म्हणाला, "ताई, मग काय बोलायचं?"

त्या दुपारी दुकानात तिघं वाक्य करायला बसली. मायाचे नियम साधे होते. पाणी हा शब्द नको. समुद्र हा शब्दही नको, कारण नाव घेतलं की माणूस आधी तिकडेच बघायला जातो. "नका", "नये", "नाही" काही नको. जे करायचं तेच बोलायचं, आणि महत्त्वाचा शब्द आधी.

"वर चला," भूपेश म्हणाला.

शेठ खो-खो हसले. "मराठीत वर जाणं म्हणजे मरणं ना? लोक म्हणतील बाई आत्ताच बोलावतेय."

मग शब्द सापडला तो टेकडी. कोळीवाड्याच्या मागे शाळेची टेकडी होतीच. "टेकडीवर चला. टेकडीवर चला. पोरं घ्या, म्हातारी माणसं घ्या, टेकडीवर चला." भूपेशला पुढे घालायचं होतं की पहिल्या लाटेनंतर खाली येऊ नका, कारण मागच्या लाटा मोठ्या असू शकतात. मायाने त्याचं केलं, "सांगेपर्यंत वरच थांबा." भूपेशने ते लिहून घेतलं आणि कागदाकडे बघत राहिला. एवढ्या शिक्षणात हे आपल्याला कुणी का सांगितलं नाही, असं काहीसं त्याच्या मनात आलं असावं.

त्याने फाईल फिरवली, ते मात्र मानलं पाहिजे. चार दिवस तो ह्या टेबलावरून त्या टेबलावर गेला. प्रत्येकाला जांभूळची गोष्ट सांगितली आणि आपल्याच आईला चारचौघांना हसू दिलं. परवानगी मिळाली ती एका तालमीपुरती. ती फसली तर जुना मजकूर कायम. माया हे ऐकून रात्री नीट जेवली नाही. आता चूक झाली असती तर ती तिची एकटीची झाली असती, आणि तो जुना कागद साऱ्या किनाऱ्यावर वाजला असता.

तालमीच्या सकाळी वारा अंगावर येत होता. मायाने पदर खोचला, वाऱ्याकडे पाठ केली आणि बोलायला लागली. सुकट वाळत घालणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. एकमेकींकडे पाहिलं, मग उठल्या. पोरं पुढे, त्यांच्यामागे बायका, मग हातातली जाळी तिथेच सोडून पुरुष. कुणी वाळूकडे वळलं नाही. कुणाच्या हातात हंडा नव्हता. एकवीस मिनिटांत टेकडीवर मोजणी सुरू झाली.

एकच माणूस कमी भरला. कोंडाजी नावाचे म्हातारे कोळी, कानांनी अधू. भूपेश खाली धावणार इतक्यात ते काठी टेकत चढणीवर दिसले, अगदी सावकाश.

भूपेशने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बाबा, काय ऐकू आलं तुम्हाला?"

"येकच आयकलं. टेकडी. दुसरं काय आयकू आलं नाय," कोंडाजी म्हणाले आणि दगडावर टेकले. "मंग आलो."

माया तिथेच उभ्या उभ्या रडली, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या कामाचा इतका अभिमान वाटला की तो पोटात मावेना.

मजकूर पक्का झाला. जिथे टेकडी नाही तिथे गच्ची, पण वाक्याचा सांगाडा तोच, आणि पाणी हा शब्द कुठेच नाही. ह्या वर्षी सगळ्या गावांसाठी रेकॉर्डिंग झालं तेव्हा मात्र वरच्यांनी रेडिओवरच्या एका नावाजलेल्या बाईंचा आवाज घेतला. भूपेशने फोन करून खालच्या आवाजात माफी मागितली आणि रेकॉर्डिंग पाठवलं. मायाची मुलगी मैत्रेयी कॉलेजला आहे. तिने ते मोबाईलवर लावलं आणि भडकली.

"आई, काय फालतूपणा आहे हा? शब्द तुझे, मेहनत तुझी, आणि आवाज हिचा? कुठे नावपण नाही तुझं. तू काही बोलणार आहेस की नाही?"

"पुन्हा लाव."

मायाने ते तीनदा ऐकलं, डोळे मिटून, एकेक शब्द बोटावर धरत. एकही इकडचा तिकडे झाला नव्हता. कुणी मध्ये "नये" घुसडलं नव्हतं, कुणी "सूचित" केलं नव्हतं. मग तिने मोबाईल लेकीच्या हातात दिला.

"आवाजाचं काय घेऊन बसलीस? आवाज कधीतरी बसतोच, माझाही बसेल. वाक्य लोकांच्या डोक्यात बसलं पाहिजे."