अव्वांच्या तांब्यातलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाय. पापकबुलीतसुद्धा न्हाय — तिथं मी ‘गर्व केला’ एवढंच पुटपुटून मोकळा होत आलो. आज सकाळपासून मात्र नुसता उतावीळ झालोय, समोरचा चहा कधीच गार झाला. तर ऐकाच.

मी कॅथलिक धर्मगुरू, धर्मगुरू व्हायला आलेल्या पोरांना चर्चचे सिद्धांत शिकवतो. संस्कार कशाला म्हणायचं, कशाला न्हाय, आणि का. रुक्ष वाटतं ना? अहो, मला त्याचं खूळ लागलं होतं. नवीन शिकून आलो तेव्हा नळदुर्गच्या ढाब्यावर शेजारी बसलेल्या ट्रकवाल्यालासुद्धा मी त्रैक्य, म्हणजे एकाच देवात तिघं कसे, ते समजावून सांगितलं होतं. बिचारा भाकरी अर्धी टाकून उठला.

माझी थोरली बहीण मार्था अणदूरला दिलेली. तिच्या शेजारी गंगव्वा राहतात — लिंगायत, गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायच्या न्हाईत. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. एका दुपारी मार्थाच्या ओट्यावर मी त्यांनाही सोडलं न्हाय. म्हणालो, लेकरू दगावायला लागलं तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, ख्रिस्ती नसलं तरी. डोक्यावर पाणी ओतायचं, ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते’ म्हणायचं, आणि चर्च जे करतं तेच करायचं मनात धरायचं. झालं. तो कायमचा. पुन्हा देणं म्हणजे पाप. अव्वांनी ते शब्द माझ्याकडून घोकून घेतले. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू.

त्याच साली मार्था दिवस भरायच्या आत घरीच बाळंत झाली. लेकरू निळं पडलं. गाडी यायचा पत्ता न्हाय. अव्वांनी तांब्या उचलला, पाणी घातलं, शब्द म्हणाल्या. पोरगी जगली. तिचं नाव करुणा.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर अव्वा दारातच उभ्या. “दानू, म्या बरोबर केलं नव्हं?”

बरोबर? मी खोदून खोदून विचारलं. तसूभर चुकलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला — वर्गात शिकवतो ते सगळं त्या बाईच्या हातून खरोखर घडलं होतं, आणि शिकवलं होतं मी.

पण भाचीचा बाप्तिस्मा माझ्या हातून व्हायचा होता ना? बिशप येणार होते. माझे गुरुजन येणार होते. मांडव घालायचं कधीचं ठरलं होतं. अव्वांचं खरं धरलं तर मला काय उरत होतं — तेल लावायचं आणि मेणबत्ती पेटवायची?

आता येतो मुद्द्यावर. जीभ रेटत न्हाय, तरी येतो.

मी म्हणालो, “अव्वा, ती मी चेष्टा केली होती. तुमचं पाणी धरलं जात न्हाय.”

अव्वा कशाबशा हसल्या. “बरं बाबा. तुमचं शास्त्र तुमाला ठावं.”

मग मांडवात, बिशपांसमोर, खणखणीत आवाजात मी करुणाला बाप्तिस्मा दिला. फोटो आहेत. दिला म्हणजे काय — लेकराचं डोकं भिजवलं, दुसरं काही न्हाय.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी विसरूनही गेलो असतो. पण दोन वर्षांनी मार्थाला मुलगा झाला, तोही अवेळी. मार्था शुद्धीत नव्हती, भावजी मला निरोप धाडून गाडी बघायला गेलेले. घरात एकट्या अव्वा. हातात पाण्याचा तांब्या होता, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. “शब्द पाठ होते रे. पण आमचं पाणी चालत न्हाय म्हनला हुतास. उगं तुमच्या देवाचा अपमान नगं.” त्या माझी वाट बघत बसल्या. मी पोचेस्तोवर लेकरू गेलं होतं.

मार्थानं विचारलं, “दानू, कुठं असंल रं माझं लेकरू?” मी म्हणालो, देवाजवळ. ते खोटं न्हाय, देवाची दया पाण्याला बांधलेली न्हाय. पुढं सगळं आयुष्य मी त्यावरच काढलं — बाप्तिस्म्याविना गेलेल्या लेकरांवर, त्यांना स्वर्ग मिळतो का यावर. लेख लिहिले, व्याख्यानं दिली. अजून तो धडा आला की मी पेटतो, पोरं भान हरपून ऐकतात. फादरचं काळीज किती मोठं, असं म्हणतात. मी म्हणू देतो.

मार्थानं आणखीही विचारलं होतं — अव्वांनी पाणी का न्हाय घातलं? मी म्हणालो, घाबरल्या असतील बिचाऱ्या.

अव्वा अजून आहेत. म्हणजे सांगायचं राहून गेलं, असंही म्हणायची सोय न्हाय. दर नाताळला मी अणदूरला जातो. त्या माझ्यासाठी हुग्गी, गव्हाची गूळ घातलेली खीर, करतात. जेवण झालं की वाकलेल्या कमरेनं उठून माझ्या हातावर तांब्यानं पाणी घालतात, आणि मी मुकाट्यानं ओंजळ पुढं करतो.