नव्वद दिवसांचं डिझेल

डेपोत तिला सगळे पट्टीबाई म्हणायचे. डिझेलच्या टाकीत पोलादी पट्टी सोडून आत किती तेल आहे ते सांगायचं, हे तिचं काम. चोवीस वर्षं तिने तेच केलं. मग टाक्यांवर पातळी दाखवणारी यंत्रं बसली आणि तिची रवानगी आवक-जावकच्या खिडकीत झाली.

त्या वर्षी समुद्रापलीकडे युद्ध पेटलं आणि तेलाची जहाजं यायची थांबली. देशात स्वतःचं तेल नव्हतंच. मंत्र्यांनी रेडिओवरून सांगितलं, "घाबरू नका, नव्वद दिवसांचा साठा आहे." तो साठा म्हणजे तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या नऊ टाक्या.

तिला चैन पडेना. टाक्यांच्या तळाचं पाणी काढणारा माणूस सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता, त्याची जागा कुणी भरलीच नव्हती. छपरं गंजलेली. पावसाचं पाणी आत झिरपून डिझेलच्या खाली बसतं, आणि यंत्र दाखवतं फक्त वरची पातळी. खाली काय साचलंय ते त्याच्या बापालाही कळत नाही.

ती मॅनेजरकडे गेली.

"बाई, यंत्र काय खोटं बोलतं?"

"खोटं नाही साहेब. अर्धवट बोलतं."

"वर नव्वद कळवून बसलोय मी. आता नवीन काही काढू नका."

तिने वाद घातला नाही. जेवणाच्या सुट्टीत ती रोज एक टाकी चढू लागली. बहात्तर पायऱ्या. गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. घरी नणंद शेक देताना करवादली, "वहिनी, या वयात कसले डोंगर चढताय?" साठ्याबद्दल घरात बोलायची बंदी होती, तसं लिहून दिलेलं. "जिना आहे ऑफिसला," एवढंच ती म्हणाली.

दहाव्या दिवशी राजधानीहून सुरक्षा खात्याचा अधिकारी पाहणीला आला. यंत्रांचे आकडे पाहिले, चहा घेतला, निघाला. ती गाडीच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

"साहेब, एक टाकी चढा माझ्याबरोबर. एकच."

मॅनेजरने डोळे वटारले. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं. मग तिचा सुजलेला गुडघा पाहिला आणि तो जिन्याकडे वळला.

वर गेल्यावर तिने पट्टीला खालपासून पिवळट मलम फासलं. "डिझेलमध्ये हे असंच राहतं. पाण्यात लाल होतं." पट्टी आत सोडली, थोडं थांबून वर ओढली. खालचं पावणेदोन मीटर लालभडक होतं.

"बाकीच्या?" त्याचा आवाज उतरला होता.

तिने कागद पुढे केला. "सगळ्या मोजल्यात. नव्वद नाही साहेब, एकाहत्तर."

इस्त्रीच्या कपड्यांनिशी तो तापलेल्या पत्र्यावर मटकन बसला. "हे बाहेर फुटलं तर हाहाकार होईल."

"फोडा कोण म्हणतंय? आजपासून पुरवून वापरा. बहात्तराव्या दिवशी दवाखान्यातले जनरेटर बंद पडले, तर तिथे कोण उत्तर देणार? तुम्ही की मी?"

चार दिवसांत हुकूम निघाला. खाजगी गाड्या बंद, बस निम्म्या. डिझेल फक्त दवाखाने, पाण्याचे पंप आणि धान्याच्या ट्रकना. लोक खवळले. नणंद शिलाईच्या कारखान्यात तासभर चालत जायची आणि येऊन सरकारचा उद्धार करायची. "नव्वद दिवसांचं तेल असून ही कंजुषी! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोण जाणे!" त्या सुपीक डोक्याने निमूटपणे तिच्या पायांसाठी पाणी तापत ठेवलं.

पहिलं जहाज अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी लागलं. त्या सकाळीही पट्टीबाईने माप घेतलं. दोन टाक्यांत अजून तेल होतं. एकाही दवाखान्यातला दिवा विझला नव्हता.

तिचा सत्कार वगैरे झाला नाही, प्रकरणच गुप्त होतं. मॅनेजरची बदली झाली, छपरं नवी आली आणि तिच्या हाताखाली मापं शिकायला दोघीजणी मिळाल्या. परक्या जहाजांवर अवलंबून राहायचं नाही असं सरकारने ठरवलं आणि तीन वर्षांत शेजारच्या टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या दाखवायला डेपोतल्या लोकांनाही नेलं.

"वारा पडला तर किती दिवस निघतील?" तिने विचारलं.

अभियंता हसला. ती हसली नाही. तेव्हा त्याने खिशातून वही काढली आणि हिशेब मांडायला घेतला.