डॅरल व्होंद्राने सुधारलेली गाडी

चांगली चालणारी वस्तू डॅरल व्होंद्राच्या नजरेस पडू द्यायची नाही, असा नोव्हा लिपा गावात एक अलिखित नियम होता. बिघडलेल्या वस्तूंचं त्याला काही नसे. त्याच्या अंगणातला नळ सात वर्षं ठिबकत होता आणि तो बिनघोर त्याच्यावरून ये-जा करत होता. पण जे धड चाललंय त्यात त्याला हमखास खोट दिसायची. कोंबड्यांच्या खुराड्याला त्याने अंधार पडला की आपोआप मिटणारं दार बसवलं. नोव्हेंबरात आभाळ भरून आलं आणि ते दार भर दुपारी मिटलं. अकरा कोंबड्या बाहेर राहिल्या, आणि त्या परिसरातल्या कोल्ह्यांनी डॅरलला मनापासून दुवा दिला असणार. बायकोच्या ओव्हनमध्ये त्याने जादा पंखा लावला, तेव्हापासून कॉनीचे कोलाचे, म्हणजे फळांचं सारण भरलेले गोड पाव, एका अंगाने करपायचे आणि दुसऱ्या अंगाने कच्चे राहायचे. चाळीस वर्षं सगळ्या गावाला आपल्या हातचे कोलाचे खिलवणारी बाई आता ते बेकरीतून आणते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. डॅरलला वाटतं, तिला ओव्हन आवडला.

डॅरलने एकतीस वर्षं गावच्या धान्यकोठारावर काढली. तिथे मक्याचे ट्रक वजनकाट्यावर घ्यायचे आणि पावत्या फाडायच्या, एवढंच त्याचं काम. यंत्रांना हात लावायची त्याला लेखी मनाई होती. मालक शहाणे होते. निवृत्त झाल्यावर मात्र त्याला अडवणारं कुणी उरलं नाही.

त्याचे वडील लुमिर शहाऐंशी वर्षांचे. त्यांची हिरवी पिकअप सदुसष्ट सालची, मक्याच्या पहिल्या बऱ्या पिकावर नवी कोरी घेतलेली. दर ऑगस्टात गावाचा मेळा भरतो, तेव्हा मिरवणुकीत सगळ्यांत पुढे कोण, हे ठरलेलं आहे: एकाच घराच्या नावावर राहिलेली सगळ्यांत जुनी गाडी. हा मान सव्वीस वर्षं लुमिरचा होता. मग ब्रेक गेले, इंजिन जाम झालं आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. पुढची तीन वर्षं मिरवणुकीच्या तोंडाशी मिलो कुचेराचं शेणखत पसरायचं यंत्र चाललं. यंत्र धुतलेलं असायचं, पण मागून चालणाऱ्या बँडवाल्यांचं म्हणणं वेगळं होतं.

शरद ऋतूत लुमिरच्या काळजाने दगा दिला. डॉक्टरने ऑगस्टपर्यंतची खात्री दिली आणि पुढचं बोलायचं टाळलं. घरी आल्यावर लुमिरने मुलाला समोर बसवलं.

"इंजिन सोडव, ब्रेक बघ. बाकी कशाला हात लावू नकोस," तो म्हणाला. "एकदा माझ्या गाडीत बसून पुढे जायचंय मला. बाकी माझं काही मागणं नाही."

"बाबा, तुम्ही काळजीच सोडा," डॅरल म्हणाला. घरातल्या सगळ्यांनी तेव्हाच काळजीला सुरुवात करायला हवी होती.

पहिल्या आठवड्यात त्याने खरंच ब्रेक पाहिले. पाहता पाहता त्याला दिसलं की ब्रेक जुन्या पद्धतीचे आहेत. ब्रेक बदलायचे तर चाकांचा धुरा बदलायला हवा. धुरा बदलायचा तर त्यावरचे ते बैलगाडीला शोभणारे पाटे कशाला ठेवायचे? आणि पाटे काढून नव्या स्प्रिंगा घालायच्या तर जुनी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, त्या पेलणार कशी? असं एकेक पायरी चढत तो जानेवारीत पोहोचला तिथे, जिथे जायचं त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. त्याने दोन हजार आठ सालची, तोंडावर आपटलेली एक पिकअप आणली, तिचा पत्रा उतरवला आणि खालची अख्खी चासी मोकळी केली. मग लोडरने बापाच्या गाडीचं केबिन आणि हौदा उचलून त्या नव्या चासीवर ठेवले.

ते बसले नाहीत, हे सांगायला नकोच. नवी चासी वीतभर लांब होती. मागचं चाक मडगार्डच्या मधोमध येण्याऐवजी एका कडेला येऊन उभं राहिलं, दारात उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखं. डॅरलने हौदा कापला, सरकवला, पुन्हा जोडला. मार्चमध्ये त्याने एक माप घेतलं आणि एप्रिलमध्ये त्याला कळलं की ते दुसऱ्याच बाजूचं होतं. कॉनी जेवायला हाका मारून थकली.

जुनी चासी शेडबाहेर पडून होती, गंजलेली, पाट्यांसकट आणि धुऱ्यांसकट. मिलो कुचेरा एकदा डोकावला. मिलो शेजारचाच शेतकरी, अग्निशमन दलाचा प्रमुख आणि मिरवणुकीत कोण कुठे चालणार त्या वहीचा धनी. त्याने आजवर एक खिळासुद्धा फेकलेला नाही. डॅरलने त्याला मोठ्या मनाने सांगितलं, की हे भंगार घेऊन जा, माझ्या वाटेत येतंय. मिलोने दोनदा विचारलं, नक्की ना? डॅरलने त्याला कंजूष म्हणून घेतलं आणि साखळी बांधायला मदतही केली.

जूनमध्ये गाडी उभी राहिली. डिस्क ब्रेक, चारी चाकांना स्प्रिंग, एका बोटाने फिरणारं स्टिअरिंग आणि थंड हवा. खोटं कशाला बोला, गाडी देखणी झाली होती. डॅरलने बापाला शेजारी बसवून गावाबाहेरच्या मुरमाच्या रस्त्यावर दोन मैल नेलं. लुमिर पूर्ण वेळ खिडकीतून मक्याकडे बघत होता.

"कशी वाटते?" डॅरलने न राहवून विचारलं.

"पाळण्यात बसल्यासारखी," लुमिर म्हणाला. "दोनच महिने उरलेत, तेही पाळण्यात काढायचे का मी?"

डॅरलला ही स्तुतीच वाटली.

खरं तर इथवर सगळं निभावलं असतं. पण डॅरलला जुन्या गाड्यांना मिळते ती खास नंबरपाटी हवी होती, मिरवणुकीत झळकवायला. त्यासाठी तो आपण होऊन, गाडी पुसून, शेरीफच्या कचेरीत गेला. तिथली तरुण अंमलदार बाई टॉर्च घेऊन आवारात आली, बॉनेट उघडून आत वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"मिस्टर व्होंद्रा, ही गाडी दोन हजार आठची आहे," ती म्हणाली.

डॅरलने हसून समजावलं, की खालचं तेवढं आठचं आहे, गाडी सदुसष्टचीच. बाईने मान हलवली. नंबर चासीवर ठोकलेला असतो, आणि इथे कागद चासीचे असतात, पत्र्याचे नाहीत, असं तिने सांगितलं.

"मग माझ्या बाबांची गाडी कुठे गेली?"

"जिथे तिची चासी असेल तिथे," बाई म्हणाली, आणि वर विचारलं, "कुठे आहे ती?"

ती कुठे होती हे डॅरलला ठाऊक होतं. तो तिथून थेट कुचेराच्या वाडीवर गेला. मिलोने चासीवर फळ्या ठोकल्या होत्या, पुढे जोडदांडा बसवला होता, आणि त्या ट्रेलरवरून गवताचे गठ्ठे वाहत होता. गंज खरवडून तेल दिल्यावर उजव्या पट्टीवरचे आकडे लख्ख दिसत होते. सव्वीस वर्षं मिरवणुकीपुढे चाललेली लुमिर व्होंद्राची गाडी ती हीच, आणि तिच्यावर कुचेराची मांजर झोपली होती.

डॅरलने आवाज खाली आणून सुचवलं, की आकड्यांचा तेवढा तुकडा कापून दे, मी माझ्या चासीवर जोडतो.

"त्याला तुरुंग आहे, डॅरल," मिलो म्हणाला. "आणि तुझ्या जोडकामावर मी तरी तुरुंगात जाणार नाही."

मग डॅरल विनवण्यांवर आला. या एका वर्षी वहीकडे कानाडोळा कर म्हणाला, म्हाताऱ्याचं अखेरचं वर्ष आहे म्हणाला. मिलोने ट्रेलरवरची मांजर उचलून खाली ठेवली. शेवटी त्याने एवढंच सांगितलं, की लुमिरकाकांना तू खरं सांग, मग बघू.

खरं सांगणं डॅरलला झेपणारं नव्हतं. ज्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती, त्याला तीच आपण शेजाऱ्याला फुकट देऊन टाकली, हे तो कोणत्या तोंडाने सांगणार? आपण काय केलं हे त्याला चांगलं कळलं होतं. रात्र रात्र त्याला झोप नव्हती, आणि त्याच्यासारख्या माणसाची झोप उडणं ही काही लहान गोष्ट नव्हे. पण सरळ कबूल करण्याऐवजी त्याने यातही सुधारणाच शोधली. या वर्षी मिरवणूक उलटी निघते, मानाच्या गाड्या शेवटी, अशी थाप त्याने बापाला मारली. लुमिरने ऐकलं, मान डोलावली आणि कॉफी प्यायली.

मेळ्याच्या सकाळी डॅरल बापाला घ्यायला गेला तर घर रिकामं. तो घाबरून मिरवणुकीच्या मैदानावर आला. तिथे बँडच्याही पुढे, कुचेराच्या ट्रेलरवर, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत, पाहुण्यारावळ्यांत मिरवायची टोपी घालून लुमिर बसला होता. शेजारी कॉनी होती. दोघांच्या चेहऱ्यावरून डॅरलने ओळखलं, की धान्यकोठारावर रोज कॉफीला जमणाऱ्या मंडळींनी ही बातमी जूनमध्येच चघळून संपवली होती.

"बाबा, मी सांगणार होतो," डॅरल म्हणाला.

"केव्हा? दफनाला?"

मिलो वही उघडून उभा होता. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, की पहिला मान सदुसष्ट सालच्या गाडीचा, नाव लुमिर व्होंद्रा, कागद अजून त्यांच्याच नावावर.

"मी कागद पाहिले," मिलो पुढे म्हणाला. "चार महिने मी काकांच्या गाडीतून गवत वाहतोय. भाडं मागितलं तर द्यावं लागेल."

"मला ओढायला काहीतरी लागेल," लुमिर मुलाला म्हणाला. "तू जे काय बनवलंयस ते आण. ओढायला बरं असेल."

डॅरलने गाडी आणली, मागे घेतली, जोडली. हिरवं केबिन पुढे, आणि त्याच केबिनखालची जुनी हाडं मागे, अशी ती मिरवणूक विटांच्या रस्त्यावरून निघाली. लोक टाळ्या वाजवत होते, ते डॅरलच्या डोक्यावरून मागे बघत. त्याच्या गाडीकडे एकाने बोट दाखवलं, पण ते मागच्या चाकाच्या चुकलेल्या जागेकडे होतं.

आरशात त्याला बाप दिसत होता. विटेविटेवर जुने पाटे करकरत होते, खुर्ची उडत होती, कॉनी एका हाताने खुर्ची आणि एका हाताने सासऱ्याचा पट्टा धरून होती. लुमिर हात हलवत होता. रेल्वेचे रूळ आले तसा डॅरलने वेग अगदी कमी केला, काळजाने अधू झालेल्या माणसाला धक्का नको म्हणून. मागून फळ्यांवर काठी आपटल्याचा आवाज आला.

"हळू कशाला?" लुमिर ओरडला. "घे जोरात."

डॅरलने पाय दाबला. ट्रेलर रुळांवरून उसळला, म्हातारा हातभर वर गेला, टोपी उडाली, आणि तो तोंड उघडं टाकून हसत खाली आला. सगळा रस्ता त्याच्याबरोबर हसला. डॅरल केबिनच्या थंड हवेत एकटा बसला होता. रूळ कधी ओलांडले, ते त्याच्या नव्या स्प्रिंगांनी त्याला कळूही दिलं नव्हतं.